कुणावर रागवायचं

मामा, जिथं हवेचं काहीच काम नसतं, तिथं तुमच्या पोटात हवा सापडली.

जठरात हवा असते, आतड्यात असते. माणूस ढेकर देतो आणि मोकळा होतो. पण जठराच्या मागं, मणक्याच्या पुढ्यात, स्वादुपिंड आडवं पडलेलं असतं. वितीपेक्षा आखूड, वजनाला शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. तिथं रक्त असतं, रस असतो, हवा नसते. सीटी स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी माउसचं चाक फिरवत तुमचं पोट मला वरून खाली दाखवलं. चकतीमागून चकती. यकृत करडं, हाडं पांढरी, आणि मधोमध, जिथं एक करडी पट्टी दिसायला हवी होती, तिथं काळ्या ठिपक्यांची गर्दी. या चित्रात चरबीही काळपट दिसते, म्हणून बाईंनी चित्राचा उजेड बदलून दाखवला. चरबी करडी झाली. ठिपके काळेच राहिले. या यंत्राच्या मापात पाणी शून्य आणि हवा उणे हजार. मापाला नाव आहे गॉडफ्रे हाउन्सफील्डचं. गाण्यांच्या रेकॉर्डी काढणाऱ्या ईएमआय कंपनीतला हा इंजिनिअर. त्याच्या यंत्रात पहिला रुग्ण गेला तो १९७१ च्या ऑक्टोबरात, लंडनजवळ. त्याआधी साध्या एक्स-रेवर असली हवा दिसली तर दिसली. नाहीतर पोट उघडल्यावर कळायचं, किंवा माणूस गेल्यावर.

"गॅस आहे," बाई म्हणाल्या. बाहेर येऊन मी मामीला तेच सांगितलं, आणि तिचा चेहरा सैलावला. "गॅसच ना? मग ओवा-हिंग चालेल का, विचार की." तिला पुढचं सांगायला मला वेळ लागला.

तुम्ही आचारी. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, हद्दीपलीकडं पार अथणीपर्यंत तुमच्या कढया टेम्पोत बसून गेल्या. लग्न, मुंज, वास्तुशांत, तेरावा. तेराव्याच्या स्वयंपाकाची मजुरी तुम्ही निम्मी घ्यायचात आणि त्याबद्दल कुणी बोललेलं तुम्हाला खपायचं नाही. हजार पानांच्या अंदाजात तुमचं कधी पन्नास पान इकडंतिकडं झालं नाही. वही नव्हती, गणित डोक्यात. भात किती, वरण किती, जिलबीला साखर किती, सगळं तुम्ही मांडवात शिरताना नुसत्या खुर्च्यांकडं बघून सांगायचात.

साखर तुम्हाला मात्र वर्ज्य होती. मधुमेहाला बरीच वर्षं झालेली. पाकाची तार बघायची ती बोटांवर; अंगठा आणि तर्जनी उकळत्या पाकाला लावून ताणायची आणि मग हात धोतराला पुसायचा, जिभेला नाही. त्या दोन बोटांचे शेंडे चटके खाऊन खाऊन निबर झाले होते. दवाखान्यात सिस्टरनं साखर तपासायला तर्जनी धरली, सुई टोचली, थेंब येईना. पुन्हा टोचली, दाबून पाहिलं. शेवटी करंगळीवर आली. "काय काम करता काका?" नाकात नळी होती तुमच्या. तरी म्हणालात, "जिलबी."

जिलबीचं पीठ तुम्ही आदल्या रात्री भिजवायचात. सकाळी झाकण काढलं की वर बारीक बुडबुडे, आंबूस वास, आणि तुम्ही म्हणायचात, "उठलं." त्या पिठात जे घडतं तेच तुमच्या पोटात घडलं. न दिसणारे जीव पिष्ट-साखर खातात आणि वायू मागं टाकतात. माणसं बदलली, भांडं बदललं, कृती तीच. पुढं तुमच्या कुशीत घातलेल्या नळीतून आलेल्या पाण्याच्या तपासणीत इ. कोलाय आणि क्लेब्सिएला असे दोन जंतू वाढले. दोघांनाही साखर लागते. ती फोडून ते आम्लं करतात, आणि त्यातून पुढं कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन. ज्याच्या रक्तात साखर जास्त, त्याच्याकडं त्यांना सामान भरपूर. म्हणूनच वायू धरणारा हा संसर्ग, मग तो मूत्रपिंडाचा असो, पित्ताशयाचा असो की स्वादुपिंडाचा, मधुमेह्यांना जास्त गाठतो. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीचे आकडे आले, तेव्हा देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही निघाले. त्यांतल्या फार थोड्यांच्या वाट्याला हा आजार येतो. तो दुर्मीळच आहे. पण ज्याच्या घरात येतो, त्या घरात दुर्मीळ या शब्दानं कुणाचं समाधान होत नाही.

मी हे सगळं नंतर वाचलं. वाचण्यामागं कारण एकच होतं, मला राग धरायला कुणीतरी हवं होतं. अपघातात गेलेल्याच्या घरच्यांना ट्रकवाला असतो. करोनात गेलेल्यांच्या घरच्यांना निदान दूर देशातला एक विषाणू होता. मला वाटलं, तुमच्याही बाबतीत बाहेरून आलेला कुणीतरी सापडेल.

सुरुवात स्वादुपिंडापासून केली. या अवयवाला आयुष्यात कुणी विचारत नाही. हृदयावर गाणी आहेत, यकृताला काळीज म्हणून आपण लेकरांनाही तेच म्हणतो, पण याच्याकडं कुणी बघत नाही. आपल्याकडं तो बातम्यांत आला मनोहर पर्रीकरांच्या आजारपणात. मार्च २०१९ मध्ये ते गेले, त्यांना कर्करोग होता. तुम्हाला तो नव्हता, पण गावातले निम्मे लोक तोच धरून चालले.

ज्यांनी या अवयवाकडं नीट पाहिलं, त्यांनाही तो उमगला असं नाही. इटलीतल्या पदुआ शहरात १६४२ साली योहान विरसुंग नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं एका फाशी दिलेल्या माणसाचं प्रेत उघडलं आणि स्वादुपिंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एक नळी त्याला दिसली. त्यानं ती तांब्याच्या पत्र्यावर कोरली, ठसे काढले, आणि युरोपातल्या जाणत्यांना पाठवून विचारलं की हे काय आहे, रोहिणी म्हणायची की नीला? रक्त तर यात कधी दिसत नाही. समाधानाचं उत्तर मिळायच्या आत, पुढच्याच वर्षी, त्याच्या दारात त्याचा खून झाला. नळीला आजही त्याचं नाव आहे. पुढं १८६९ मध्ये बर्लिनमधल्या पॉल लँगरहान्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं याच अवयवात पेशींची वेगळी बेटं पाहिली आणि त्यांचं काम काय ते ठाऊक नाही, असं प्रबंधात सरळ लिहून टाकलं. इन्शुलिन तिथंच तयार होतं हे कळायला पुढं अर्धशतक गेलं. लँगरहान्सचा तो प्रामाणिकपणा मला फार आवडला. तुमच्याबद्दल बोलायला आलेल्या शहाण्यांपैकी एकाकडं तरी तो असता!

तर विरसुंगच्या त्या नळीतून दिवसाला दीडेक लिटर रस वाहतो. तुमच्यातूनही वाहिला. भाताचा, डाळीचा, तुपाचा, मटणाचा निकाल तोच लावतो. एवढा कडक रस की मांस त्यात विरघळतं. मग ज्या मांसातून तो पाझरतो ते कसं टिकतं? तर रस आत असतो तेव्हा निजलेला असतो. लहान आतड्याच्या तोंडाशी पोचल्यावर तिथल्या अस्तरातलं एक विकर त्याला उठवतं. एखादा थेंब वाटेतच जागा झाला, तर त्याला आवरायलाही तिथं व्यवस्था असते. जन्मभर, दिवसातून तीनदा, लग्नसराईत उष्टावत-चाखत पाच-सहादाही, ही व्यवस्था तुमच्यासाठी राबली. तिला कधी कुणी शाबास म्हटलं नाही.

मग पित्ताशयातला एक खडा घरंगळला. मोठा नव्हता, मोठे खडे जागच्या जागी बसून राहतात, वाटेत अडकतात ते बारके. पित्ताची आणि स्वादुपिंडाची वाट शेवटी जिथं एक होते तिथं तो अडकला. मागं रस तुंबला, आतल्या आत जागा झाला, आणि त्यानं हाताशी होतं ते पचवायला घेतलं. प्रागमधल्या हान्स कियारी यांनी १८९६ मध्ये हेच सांगितलं होतं, की हा अवयव स्वतःच स्वतःला पचवतो. आसपासच्या चरबीचंही तसंच होतं. ती फुटते, रक्तातलं कॅल्शियम तिच्याशी जोडलं जातं आणि पोटात अक्षरशः साबण तयार होतो, पांढरे ठिपके ठिपके. तुमचं कॅल्शियम का उतरलं, असं मी विचारत होतो तेव्हा ते तिथं खर्ची पडत होतं.

तुम्ही गुडघे पोटाशी घेऊन, पुढं वाकून बसला होता. आडवं पडवत नव्हतं. कळ पोटातून आरपार पाठीत. "पित्त खवळलंय," म्हणालात, आणि ते एका परीनं खरंच होतं.

स्वादुपिंडाच्या या सुजेत बहुतेकांना आठवड्याभरात उतार पडतो. साधारण पाचांतल्या एकाचं मांस मरतं, आणि अशांतल्या तिसऱ्या हिश्शाच्या त्या मेलेल्या मांसात जंतू शिरतात. हे शिरणारे कुठून येतात, तर बाहेरून नाही. इथं माझा राग पुन्हा रिकाम्या हातानं परत आला. थिओडोर एशेरिश या बालवैद्यानं १८८५ मध्ये म्युनिकमध्ये तान्ह्या बाळांच्या शीत शोधला तो हा इ. कोलाय. माणूस जन्मला की काही दिवसांतच तो आतड्यात वस्तीला येतो. म्हणजे मामा, तुमच्या बारशाच्या आधीपासून त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती तुमच्यात. तुमची शाळा सुटली, तुम्ही मिरजेच्या आचाऱ्याकडं भांडी घासायला राहिलात, लग्न झालं, स्वतःची कढई घेतलीत, सगळ्यांत तो बरोबर. तुमच्याच जेवणावर जगला, आणि राहिला तोवर त्यानं वाईट केलं नाही. शरीर एवढं आजारी पडलं की आतड्याची भिंत ढिली झाली आणि पलीकडं मेलेलं मांस पडलेलं दिसलं. तिथं रक्त पोचत नव्हतं. म्हणजे पांढऱ्या पेशी नाहीत, प्राणवायू नाही, शिरेतून सोडलेलं औषधही पुरेसं नाही. प्राणवायूवाचून जगायची कला या जंतूंना अवगत आहे. ते गेले आणि जेवायला बसले.

यांच्याहून भयंकर एक जात आहे, क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. विल्यम वेल्च आणि जॉर्ज नटॉल यांनी ती बाल्टिमोरमध्ये एका प्रेतात ओळखली, १८९१ साली. रक्तवाहिन्यांतच बुडबुडे होते. पहिल्या महायुद्धात खतावलेल्या शेतांतल्या खंदकांत जखमी शिपायांचे हातपाय सडवले ते मुख्यतः हिनं. ती शिरली तर मग तासांचा हिशेब उरतो. ती तुमच्यात नव्हती. डॉक्टर हे सांगताना थोडे आशेनं बोलले.

आशेला आधारही होता. रेजिनाल्ड फिट्झ यांनी बोस्टनमध्ये १८८९ साली स्वादुपिंडाच्या सुजेचं पहिलं नीट वर्णन केलं, तेव्हाच बजावलं होतं की घाईनं पोट उघडणं अतिशय धोक्याचं. मधे बरीच वर्षं सर्जन लोकांनी उघडून साफ करण्याचा धडाका लावला होता. मग २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ८८ रुग्णांवर ताडून पाहिलं. आधी बाजूनं नळी घालून घाण वाहू द्यायची, गरज पडली तरच पुढची पायरी. पायरीपायरीनं गेलेल्यांतल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांचं नळीवरच भागलं. तुमच्याही डाव्या कुशीतून नळी घातली. पिशवीत तपकिरी, गढूळ पाणी यायला लागलं, त्यात मेलेल्या मांसाचे कण. सर्जन म्हणाले, "शरीर याच्याभोवती भिंत बांधतं. चारेक आठवडे लागतात. भिंत पक्की झाली की आत शिरून साफ करता येतं. आत्ता हात घातला तर रक्त थांबणार नाही."

म्हणजे आम्ही भिंत होण्याची वाट बघत होतो. बाहेर बाकावर मामी, मी, तुमच्या हाताखालचा पोरगा, जो मांडवात ओगराळं घेऊन पळायचा. त्याला सर्जनचं बोलणं आमच्यापेक्षा लवकर कळलं. "म्हणजे कच्चं काढायचं नाही," तो म्हणाला.

नळी चालू होती आणि एक दिवस तुम्ही सिस्टरला आयसीयूतल्या जेवणाबद्दल विचारलंत, कोण करतं, किती माणसांचं करतं. तेवढं बोलणं झालं. मग लघवी कमी झाली. डायलिसिस. मग श्वासाचं यंत्र. रक्तदाब धरून ठेवायला एक औषध, मग दुसरं. जंतू वाढत होते, पण त्याहून जास्त तुमचं शरीरच त्यांच्याविरुद्ध पेटलं होतं. ज्यानं वाचवायचं त्या आगीत मूत्रपिंड आणि फुप्फुसं होरपळली. म्हणजे इथंही पुन्हा घरचेच. रस तुमचा, जंतू तुमचे, आग तुमची. भिंत पुरी झाली नाही.

तुमच्या तेराव्याचा स्वयंपाक त्याच पोरानं केला. निम्म्या मजुरीचा प्रश्न आला नाही, कारण त्यानं पैशाला हात लावला नाही. जिलबी केली नाही. करू नये असं कुणी सांगितलं नव्हतं. आमटीत मीठ जरा जास्त पडलं, आणि पंगतीतल्या जुन्या लोकांनी ते बोलून दाखवलं, तेव्हा मला बरं वाटलं. तुम्ही असता तर तुम्हीही बोलला असता. जास्तच.

आणि याच पंगतीत पहिल्यांदा तो प्रश्न आला. पान उचलता उचलता एका पाहुण्यानं आवाज खाली आणून विचारलं, "घेत होते का?"

स्वादुपिंडाची सूज म्हटली की लोकांना दारू आठवते. चुकीचं नाही. खडे आणि दारू ही दोन कारणं सगळ्यांत मोठी. रक्तातली चरबी फार वाढली तरी हा आजार होतो, काही औषधांनीही होतो. पण गाव एवढ्या खोलात जात नाही. मामीला हा प्रश्न किराणा दुकानात आला, देवळात आला, तुमच्या विम्याचे कागद बघणाऱ्यानं विचारला, सख्ख्या नणंदेनं फिरवून फिरवून विचारला. तुम्ही चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायचात. मांडवामागं बाकीचे आचारी बसायचे तेव्हा तुम्ही भट्टीजवळ राहायचात. तरी प्रत्येक वेळी ती स्कॅनचा कागद पिशवीतून काढते. 'पित्ताशयात खडे' ही ओळ तिनं लाल पेननं अधोरेखित केली आहे. समोरचा वाचतो, मान हलवतो, आणि "तरी पण" म्हणून पुढं काहीतरी बोलतोच.

मला त्या "तरी पण"चा संताप येतो. आणि खरं सांगतो मामा, तुम्ही पीत असता तरी आला असता. पिणाऱ्याचं पोट काय कमी दुखतं? त्याच्या आतड्याची भिंत काय वेगळ्या मातीची असते? त्याच्या बायकोनं बाकावर कमी रात्री काढलेल्या असतात का? माणूस गेला की लोकांना लगेच एक चूक हवी असते, म्हणजे आपण ती करत नाही आणि आपण वाचणार, असा हिशेब जुळतो. मीही तेच शोधत होतो, फक्त पुस्तकांतून. मला चूक सापडली नाही. एक बारका खडा सापडला, आपलं नेमून दिलेलं काम भलत्या जागी करून बसलेला रस सापडला, आणि जन्मभर तुमच्या ताटात जेवलेले, वाट मोकळी दिसली म्हणून पुढं सरकलेले जीव सापडले. कुणावर रागवायचं?

मामीचं मात्र ठरलेलं आहे. तिला विरसुंग नको, फिट्झ नको. मी तुमच्यावर लिहितोय कळल्यावर तिनं एकच सांगितलं, "बाकी तुला काय लिहायचं ते लिही. पण ते पीत नव्हते, हे लिही. छापून आलं की मला दहा अंक आणून दे."

ते पीत नव्हते.